लाखेचं सील

नोव्हेंबर लागला की आयर्लंडातल्या आमच्या ड्रोहेड्यात दुपारी चार वाजता स्वयंपाकघरातला दिवा लावावा लागतो. नदीला ओहोटी असली की चिखलाचा वास चढ चढून आमच्या घरापर्यंत येतो. समोरच्या धुराड्यांवर जॅकडॉ बसतात. कावळ्याच्याच जातीचे, पण लहान, आणि डोळे पांढुरके. अंधार पडायच्या आत थव्यानं येतात, थोडा वेळ कलकल करतात आणि मग एकदम सगळे गप्प होतात. त्या गप्प होण्याकडे पूर्वी माझं लक्ष जात नसे.

याच दिवसांत दारातून पाकीट येतं. इथल्या कॅथलिक लोकांचा हा मृतांचा महिना. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहायची, पाकिटात घालून चर्चमध्ये द्यायची. महिनाभर ती वेदीजवळ राहतात आणि त्या सगळ्यांसाठी प्रार्थना होते. आपल्या पितृपंधरवड्यासारखंच, फक्त स्वयंपाक नाही, त्यामुळे बायका सुटल्या. पाकिटं वाटणारा माणूस सगळ्या घरांत टाकत जातो, आमच्याही. दर वर्षी मी ते रद्दीत टाकते. या वर्षी टाकलं नाही. टेबलाच्या कडेला आहे, आणि मी त्याच्याकडे न बघता भाजी चिरते.

महामारीचे आकडे पुन्हा चढताहेत. उन्हाळ्यात बंद केलेला आमच्या हॉस्पिटलातला जादा अतिदक्षता कक्ष गेल्या सोमवारी परत उघडला. मी भूलतज्ज्ञ आहे. श्वास घेता येईनासा झालेल्या माणसाला झोपवून त्याच्या घशात नळी घालायची, हे माझं काम. त्या कक्षाचं दार उघडल्यावर बंद खोलीचा वास आला आणि त्याच्या मागोमाग मागचा अख्खा हिवाळा आला. मी गाऊनचे बंद बांधले आणि कामाला लागले. पण तेव्हापासून तो हिवाळा माझ्याबरोबर घरी येतो आहे, तर एकदा लिहून टाकावा.

या गावाला मरणाची सवय आहे, असं मी इथे नवीन असताना गमतीनं म्हणायचे. आता गंमत राहिली नाही, पण वाक्य खरं आहे. मुख्य रस्त्यावर, कपड्यांची दुकानं आणि चिप्सच्या गाड्याला अगदी लागून, उंच मनोऱ्याचं करड्या दगडाचं चर्च आहे. आत शिरल्यावर पितळ आणि काचेच्या एका उभ्या देव्हाऱ्यात एक डोकं ठेवलं आहे. माणसाचं, खरं. चामड्यासारखं तपकिरी झालेलं, ओठ थोडे उघडे. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी इथल्या एका आर्चबिशपवर कटाचा खोटा आरोप झाला. त्यांना लंडनला नेलं, फाशी दिलं, देहाचे तुकडे केले आणि डोकं जाळात टाकलं. मित्रांनी ते जाळातून ओढून काढलं. मग ते डब्यातून देशोदेशी फिरलं. शेवटी इथल्या नन्सच्या ताब्यात आलं आणि त्यांनी ते पिढ्यान् पिढ्या जपलं. पुढे आर्चबिशप संत ठरले आणि हे गाव यात्रेचं गाव झालं. जुलैत मिरवणूक निघते, बसगाड्या भरून लोक येतात. एरवीही कुणी ना कुणी त्या काचेसमोर गुडघे टेकून असतंच.

मला त्या डोक्याची भीती वाटली नाही. लहानपणी जुन्या गोव्यात रांगेत उभी राहून मी संताचं शव पाहिलं आहे, आणि पुढे मिरजेच्या कॉलेजात शवविच्छेदन केलं आहे. मला आवडला तो कागद. हे डोकं त्यांचंच आहे, असा तेव्हाच्या एका बाईनं आणि एका शल्यविशारदानं लिहून दिलेला दाखला. म्हणजे इतक्या सगळ्या श्रद्धेच्या मुळाशी एका डॉक्टरची सही. आम्ही डॉक्टर लोक सह्यांवर जगतो. हे मला पटण्यासारखं होतं.

त्याच्याही एक पिढी आधी इंग्रज फौजेनं या गावाचा कोट फोडला होता. जीव वाचवायला काही लोक चर्चच्या मनोऱ्यात चढून बसले, तेव्हा खालची बाकं पेटवून त्यांना जाळलं. कोटाचा एक दरवाजा अजून उभा आहे आणि त्याच्या शेजारून माझी लेक सई शाळेत जाते. हे सगळं मला आमच्या शेजारच्या कॅथलीन यांनी सांगितलं. कपडे वाळत घालताना, चिमटे तोंडात धरून. जणू मागच्या गल्लीत परवा घडलेलं.

कॅथलीन पंचाहत्तरीच्या पुढच्या. नवरा टॉम, सिमेंटच्या कारखान्यातून निवृत्त. मुलं दोन, दोन्ही ऑस्ट्रेलियात. इथे म्हाताऱ्या बाईलाही नुसत्या नावानं हाक मारतात. इतकी वर्षं झाली तरी माझी जीभ अडखळते, म्हणून मनात मी त्यांना मावशी जोडायचे आणि तोंडानं कॅथलीन म्हणायचे. त्यांच्या घरी एक डबी होती. पितळेची, जुन्या रुपयाएवढी, पुढे काच. काचेआड त्याच संताच्या हाडाचा एक कण, तांदळाच्या कणीएवढा. कॅथलीनच्या आजीकडे ती कशी आली ते कुणाला नीट माहीत नव्हतं, पण तीन पिढ्या ती त्या घरातल्या बाईकडे होती आणि रीत ठरलेली होती. गावात किंवा आसपास कुणी गंभीर आजारी झालं की फोन यायचा. कॅथलीन डबी घेऊन जायच्या, आजाऱ्याच्या कपाळाला लावायच्या, उशाशी ठेवायच्या आणि चौथ्या दिवशी जाऊन परत आणायच्या. पैसे घ्यायचे नाहीत, नावगाव विचारायचं नाही, आणि टपालानं कधी पाठवायची नाही.

मी एकदा विचारलं होतं, गुण येतो का? त्या म्हणाल्या, “कधी येतो, कधी नाही. तुझ्या औषधांचंही तसंच ना, पेट?” इथे लाडानं ‘पेट’ म्हणतात. पाळीव प्राण्याला म्हणतात तोच शब्द, पण माझी हरकत नव्हती.

मागच्या वर्षी नोव्हेंबरात टॉमना खोकला सुरू झाला आणि चार दिवसांत ते आमच्या कक्षात आले. मी सुट्टीवर होते. नळी माझ्या सहकाऱ्यानं घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले तर कॅथलीन कुंपणाशी उभ्या. भेटायला कुणालाच आत सोडत नव्हते. त्यांच्या हातात सँडविच ठेवायची पारदर्शक पिशवी होती, पिशवीत डबी.

इकडच्या बायका काही मागताना नकाराची वाट आधी मोकळी करून देतात, त्यामुळे नकार देता येत नाही. आमच्या मिरजेकडेही असंच मागतात. त्या म्हणाल्या की जमत नसेल तर राहू दे, नियम असतील, तुला उगीच त्रास. मग पिशवी कुंपणावर ठेवून दोन पावलं मागे झाल्या आणि म्हणाल्या, “त्याच्या हाताला लागली तरी पुरे. कपाळालाच पाहिजे असं नाही.”

मी पिशवी उचलली.

आता या पुढचं नीट सांगायला हवं, कारण चूक इथे आहे आणि ती पूर्णपणे माझी आहे. ही डबी किती घरांतून, किती ओठांना लागून आली असेल, हा माझ्या डोक्यात आलेला एकमेव विचार. आत नेण्याआधी ती निर्जंतुक करायची. कपडे बदलायच्या खोलीत मी स्टीलच्या तबकात स्पिरिट ओतलं, डबी त्यात बुडवली आणि गाऊन, मास्क, चष्मा, दोन-दोन हातमोजे चढवायला लागले. सगळं चढवायला पाच-सात मिनिटं जातात. परत आले तेव्हा तबकातलं स्पिरिट गुलाबी झालं होतं. त्यात तांबड्या रंगाचे दोन बारीक धागे तरंगत होते.

डबीची मागची बाजू मी बघितलीच नव्हती. तिथे ते धागे फुलीसारखे आडवे-उभे ताणून त्यांच्या टोकांवर लाखेचं सील केलेलं होतं, वर कुणा बिशपचा ठसा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मिरजेत आमचं घर सतारी करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजत घालून तिचं पॉलिश करतात आणि सतारीवर बोळ्यानं हात देतात, ते बघत मी शाळेत गेले आहे. त्या वासात वाढले आहे. कुठल्याही आयरिश बाईला हे माहीत नसलं तर चालण्यासारखं होतं. मला होतं, आणि तरी मी डबी बुडवली, कारण त्या क्षणी माझ्यासमोर जंतूंखेरीज काही नव्हतं.

जिन्सी आमची परिचारिका, कोट्टायमची, सात पिढ्यांची ख्रिस्ती. ती दारात आली, तबकात बघितलं आणि तिनं दोन्ही हात छातीशी घेतले. मी म्हटलं, डबी तर शाबूत आहे, काच शाबूत आहे, आतलं हाड जागचं हललं नाही. तिनं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. सील म्हणजे कुणीतरी अधिकारी माणसानं खात्री करून दिलेली ग्वाही. ते एकदा गेलं की हे कुणाचं हाड, याला चर्चच्या लेखी काही पुरावा नाही.

“आता हे नुसतं हाड आहे, डॉक्टर,” ती म्हणाली. “कोंबडीचंही असू शकतं.”

मग मी डबी पुसली, आत नेली आणि टॉमच्या तळव्यात ठेवून त्यांची बोटं मिटली. जिन्सीनं प्रार्थना म्हटली. कुणाला उद्देशून, ते मी विचारलं नाही.

पाळी संपताना मी डबी आणि धागे घरी आणले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरलं, ते दोन धागे टाक्यांच्या चिमट्यानं डबीच्या पाठीवर ताणले आणि सईच्या लाल नेलपॉलिशचे तीन थर चढवले. तिसरा ओला असताना वर नितीनच्या कोटाचं बटण दाबलं. नितीन, माझा नवरा, पूर्वी रोज गाडीनं डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकला जायचा. महामारीपासून त्याचं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं. तो कानातला इअरफोन काढून बघत बसला. शेवटी म्हणाला, “सरळ सांगून टाक ना त्यांना.”

“नवरा व्हेंटिलेटरवर असलेल्या बाईला?”

“मग तो उतरल्यावर सांग.”

“सांगेन,” मी म्हटलं. आणि खरंच सांगणार होते. सईनं डबी उलटीपालटी करून बघितली आणि तिच्या आयरिश इंग्रजीत निकाल दिला की बघणाऱ्याला काही कळणार नाही, पण हे जरा भयंकरच आहे. सई मराठीत बोलत नाही, पण ऐकते सगळं.

डबी परत दिली तेव्हा कॅथलीनना काही कळलं नाही. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन महामारीमुळे पुढे ढकललेलं होतं, आणि डबीची पाठ बघायचं त्यांना कारणही नव्हतं. मी डबी स्पिरिटमध्ये धुतली, एवढं मात्र मी त्यांना सांगितलं होतं. अर्धं खरं सांगितलं की पुरं सांगितल्याचं समाधान मिळतं, हे मी त्या दिवशी शिकले.

आणि टॉम उतरले. नवव्या दिवशी नळी काढली. मग महिनाभर चालायला शिकणं, आणि नाताळच्या दोन दिवस आधी घरी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस परत येईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. घरी आले तेव्हा आळीतले लोक आपापल्या फाटकाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. कॅथलीननी मला लांबूनच हात केला आणि तोच हात छातीवर ठेवला. अशा वेळी कुणी जाऊन म्हणेल का, की तुमच्या डबीचं सील मी घालवलं?

पुढे काय होणार होतं ते एखाद्या शहाण्या बाईला तेव्हाच दिसायला हवं होतं. मी बरीच शहाणी समजली जाते. मला दिसलं नाही.

त्या नाताळात देशानं दारं उघडली. दुकानं, खानावळी, एकमेकांकडे जेवणं. जानेवारीत त्याची किंमत आली. इथल्या स्थानिक रेडिओवर रोज सकाळी बातम्यांनंतर गेलेल्यांची नावं वाचतात. कोण, कुठले, कुणाचे वडील, अंत्यविधी कधी. एरवी माझ्या चहाचा कप संपायच्या आत यादी संपायची. त्या महिन्यात मी चहा घेऊन, डबा भरून, बूट घालून दाराशी यायचे तरी रेडिओवरची बाई वाचतच असायची. तिचा आवाज शेवटी शेवटी सपाट व्हायचा. रस्ते मोकळे, शाळा बंद, नदीकाठी नुसते हंस. हॉस्पिटलात खाटा लावायला जागा राहिली नाही तेव्हा आम्ही शस्त्रक्रियेच्या खोल्या भरल्या.

टॉम वाचले ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि कशामुळे वाचले तेही सगळ्यांना माहीत होतं. कॅथलीनचा फोन वाजायचा थांबेना. त्या आपली छोटी निळी गाडी काढायच्या, डबी शेजारच्या सीटवर, आणि निघायच्या. मी कामावरून येताना त्यांची गाडी कधी कोटाच्या दरवाज्याशी दिसायची, कधी नदीपलीकडच्या चढावर. एकदा मी त्यांना कुंपणाशी गाठलं. म्हटलं, हे बंद करा. त्या म्हणाल्या की त्या आत जातच नाहीत, दारातून देतात आणि दारातूनच घेतात, आणि मी शिकवल्याप्रमाणे घरी आल्यावर स्पिरिटच्या कपड्यानं पुसतातही.

“दारातून म्हणजे दारातूनच?” मी विचारलं.

“आता कुणी चहा केलेला असतो. म्हातारं माणूस एकटंच असतं आत. नको कसं म्हणायचं? पण खिडकी उघडी असते, पेट.”

मी विषाणू कसा पसरतो ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी वय सांगितलं, टॉमची फुप्फुसं सांगितली. त्यांनी मान हलवली. “पण लोक बोलावतात,” त्या म्हणाल्या. “आणि माझ्याकडे ती आहे. ती असताना घरात कशी बसू?”

एका वाक्यात मी त्यांना थांबवू शकत होते. या डबीला आता पुरावा नाही, मी तिचं सील विरघळवलं आणि वर नेलपॉलिश लावलं. हे ऐकल्यावर कॅथलीननी डबी ड्रॉवरमध्ये ठेवली असती. या बाबतीत त्या कडक होत्या. खोटी वस्तू आजाऱ्याच्या कपाळाला लावणं त्यांच्या लेखी पाप होतं. विज्ञान सांगून जे झालं नाही ते त्या वाक्यानं झालं असतं, हे मला तेव्हा, तिथे, कुंपणाशी उभी असताना स्पष्ट दिसत होतं. मी ते वाक्य बोलले नाही. दमले होते, हे खरं. त्यांना दुखवायचं नव्हतं, हेही थोडंसं खरं. पण मोठं कारण असं की मला त्यांच्यासमोर तशी दिसायचं नव्हतं. मी म्हटलं, निदान चहा घेऊ नका. आणि घरात आले.

जानेवारीच्या शेवटी त्या आमच्या कक्षात आल्या, माझ्याच पाळीत, सकाळी अकराच्या सुमारास. कुठून लागण झाली हे कधी कळत नाही. त्या महिन्यात कुणालाही कुठूनही होत होती. टॉमना भेटायला आलेल्या माणसाकडूनही झाली असेल, दुकानातही. हे मी स्वतःला सांगते, आणि ते शास्त्राला धरून आहे.

नळी घालण्याआधी माणसाशी शेवटचं बोलणारी बहुतेक वेळा मीच असते. बरेच जण मुलांची नावं घेतात. कॅथलीननी मास्क जरा बाजूला करून मला निरोप दिला, एकेक शब्द तोडत. डबी नदीकाठच्या एका घरी आहे. टॉमला घर माहीत आहे. गुरुवारी चौथा दिवस. त्यानं जाऊन आणावी, आत बसू नये. “तिथेच राहू देऊ नकोस हां. पुढचे लोक थांबलेत.”

“सांगते टॉमना,” मी म्हटलं.

जिन्सी पलीकडे उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी औषध दिलं.

फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात त्या गेल्या. अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती. बाकीचे इथल्या तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे रस्त्याच्या कडेनं अंतर ठेवून उभे राहिले. चर्चपर्यंतच्या उतारावर एवढी माणसं उभी असलेली मी त्या वर्षात पाहिली नव्हती. शवगाडी माणसाच्या चालीनं गेली. कडेनं उभ्या असलेल्यांतली निम्मी माणसं डबीच्या घरांतली असणार. किती घरांत आजारी उठून बसला होता आणि किती घरांत नव्हता, ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळायला मार्ग नव्हता; सगळे मास्कमध्ये.

यानंतर उन्हाळा आला, लसी आल्या, आळीतल्या मुलांच्या सायकली बाहेर आल्या. टॉम एकटे राहायला शिकले. मी त्यांना रविवारी वरण-भात नेऊन द्यायचे. तो त्यांना आवडायचा नाही आणि ते तो संपवायचे. मी काही बोलले नाही. वेळ निघून गेली असं वाटत होतं. डबी टॉमकडे होती, पण कुणी मागत नव्हतं, म्हणजे ती निरुपद्रवी होती.

दोन आठवड्यांपूर्वी दुपारी टॉम आले. फाटक उघडून थेट पायरीपर्यंत. हातात डबी. चर्चमध्ये एक बाई भेटली, ते म्हणाले, बाहेरगावची, संताच्या दर्शनाला आलेली. तिची आई आजारी आहे. डबीचं तिला कुणीतरी सांगितलंय. “कॅथलीन म्हणायची, तू धुऊन दिलीस तेव्हापासूनच हिचा गुण वाढला. तर देण्याआधी पुन्हा तशीच धुऊन दे.”

मी सांगितलं. तिथेच पायरीवर, दोन्ही हात ओल्या पिठाचे असताना. तबक, गुलाबी स्पिरिट, धागे, नेलपॉलिश, बटण. टॉमनी चष्मा लावला आणि डबी उलटी केली. पॉलिशचे टवके उडाले होते आणि बटणाची चार भोकं साफ दिसत होती. रागावतील असं मला वाटलं, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

“मग ती जानेवारीभर कशासाठी फिरत होती?” ते म्हणाले.

ते मला विचारत नव्हते. त्यांनी डबी दाराच्या आत, खिडकीच्या कठड्यावर ठेवली. म्हणाले, मला आता ही कुणाला देता यायची नाही आणि टाकताही यायची नाही. त्या बाईला तुझ्याकडे पाठवतो. आणि फाटक नीट लावून गेले. त्या रविवारी मी वरण-भात घेऊन गेले तर त्यांनी दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता.

ती बाई टॉम येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी आली होती. चाळिशीची असेल, भिजलेला कोट, निळा मास्क, गाडीचं इंजिन चालूच. या वेळी मी सगळं आधी सांगून टाकलं. सील मी घालवलं, चर्चच्या लेखी हिला किंमत नाही, शिवाय आजार पुन्हा पसरतोय आणि ती घरोघर फिरवणं धोक्याचं आहे.

“हाड तेच आहे ना?” तिनं विचारलं.

“हाड तेच आहे.”

“आणि तो शेजारचा माणूस बरा झाला तो सील जायच्या आधी की नंतर?”

“नंतर,” मी म्हटलं. खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

“मग द्या.”

मी दिली नाही. आईला काय होतंय ते विचारलं. जिना चढताना दम लागतो, खोकला आठवडाभर आहे, लस घेतलेली नाही. मी म्हटलं, आजच हॉस्पिटलात आणा. ती म्हणाली, आई येत नाही म्हणते. आईची बहीण मागच्या जानेवारीत हॉस्पिटलात गेली ती परत आली नाही. डबी उशाशी असेल तरच जाईन, असं म्हणते. मग मी सौदा केला. मला सौदे बरे जमतात. तुम्ही आईला घेऊन या, मी डबी तिच्या खाटेशी आणते, तीन दिवस हलवणार नाही. नाव विचारायचं मला सुचलं नाही. पत्ता विचारायचाही सुचला नाही; समोर उभी आहे, म्हणजे येणारच, असं धरून चालले. तिनं एकदा माझ्या खांद्यावरून आत बघितलं, खिडकीतल्या डबीकडे. “विचारते तिला,” ती म्हणाली आणि गाडीत बसली.

आली नाही. टॉमना तिचं नाव माहीत नाही, चर्चमध्ये कुणाला माहीत नाही. आमच्याकडे ड्रोहेड्याचीच माणसं येतात असं नाही, अर्ध्या प्रांतातून येतात. डबी मी प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून कामाच्या बॅगेत ठेवते. रोज सकाळी रात्रीच्या भरतीची यादी आली की सत्तरीच्या पुढच्या बायका आधी बघते. नातेवाइकांना फोन करणं हे खरं तर कनिष्ठ डॉक्टरांचं काम आहे आणि ते मला तसं सांगतातही. पण कागदावर लेकीचा नंबर असला की मीच लावते. पलीकडून ‘हॅलो’ येतो. मी माझं नाव सांगते, तुमची आई आमच्याकडे आहे म्हणते, आणि ती पुढचं काही बोलेपर्यंत थांबते. आवाज तो आहे का, एवढंच ऐकायचं असतं.